आम्ही डेटा लपवला नव्हता: आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

संगणक फॉरमॅट केल्यावर आपल्या किराणा दुकानाची दोन वर्षांची बिले आणि उधारीची खतावणी गेली, आणि आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरने 'डेटा मुद्दाम लपवून ठेवला' असे लिहून आपण आम्हाला एक तारा दिलात. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, त्यामुळे हे नुकसान केवळ उधारीपुरते नाही, याची मला जाणीव आहे.

मात्र 'मुद्दाम' हा शब्द मला फार लागला. डेटा कोठे ठेवावा या एका प्रश्नावर आम्ही जितका विचार केला आहे, तितका दुसऱ्या कशावरही केलेला नाही.

आमची पहिली आवृत्ती डेटा सॉफ्टवेअरच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये ठेवत असे. २००७ साली विंडोज व्हिस्टा आल्यापासून खास परवानगीशिवाय सॉफ्टवेअरला तेथे लिहिता येत नाही, आणि जुन्या धाटणीच्या सॉफ्टवेअरने तसा प्रयत्न केलाच, तर विंडोज ती फाइल काही न सांगता त्या-त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये वळवते. एका दुकानात मालक आणि दिवाणजी एकच संगणक वेगवेगळ्या खात्यांनी वापरत होते. एकाच गिऱ्हाइकाची बाकी मालकांच्या पडद्यावर ४,२०० रुपये आणि दिवाणजींच्या पडद्यावर १,७५० रुपये दिसत होती. बिचाऱ्या दिवाणजींवर संशय आला होता. मी स्वतः तेथे जाऊन दोन्ही फाइली शोधून दाखवल्या, तेव्हा तो मिटला.

त्यानंतर आम्ही डेटा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नेला, कारण ती जागा सर्वांना सापडते. पण अनेक संगणकांवर वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवर फाइली साठवणाऱ्या सेवेचा, बॅकअप सुरू असला की 'डॉक्युमेंट्स' फोल्डरच वनड्राइव्हमध्ये जातो. पत्र किंवा फोटो तेथे खुशाल ठेवावा. दिवसभर उघडी असलेली आणि प्रत्येक बिलागणिक बदलणारी डेटाबेसची फाइल तेथे ठेवणे धोक्याचे असते. नावापुढे संगणकाचे नाव जोडलेल्या दुसऱ्याच प्रती तयार होऊ लागल्या, आणि खरी कोणती हे ओळखण्यात आमच्या ग्राहकांचे दिवस गेले.

म्हणून आम्ही 'प्रोग्रॅमडेटा' हा फोल्डर निवडला. एका संगणकावरील सर्व खात्यांनी मिळून वापरायच्या डेटासाठी विंडोजनेच ही जागा नेमलेली आहे. तो फोल्डर एरवी दिसत नाही हे खरे, पण त्याला अदृश्य विंडोजने ठेवले आहे, आम्ही नव्हे. आपला संगणक फॉरमॅट करणाऱ्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स एवढेच उतरवून घेतले आणि सी ड्राइव्ह पुसला. त्याआधी आम्हाला एक फोन आला असता, तर पाच मिनिटांत काम झाले असते. सॉफ्टवेअर बंद करताना 'बॅकअप घ्यायचा का?' असा प्रश्न रोज येतो. घाईत आपण 'नाही' दाबत होतो, हे आपणच फोनवर सांगितलेत. आपल्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु हा अभिप्राय वाचून नवा दुकानदार आमच्याकडे येण्यापूर्वीच माघारी फिरेल, आणि आमच्याकडे चारच माणसे काम करतात, म्हणून हे सांगणे भाग आहे.

तरीही आपले एक म्हणणे मला मान्य आहे: जागा योग्य असली, तरी ती मालकाला ठाऊक असायला हवी. पुढील आवृत्तीत डेटाचा पत्ता मुख्य पडद्यावर दिसेल आणि बॅकअपच्या बाबतीतही काही सुधारणा करण्याचा विचार आहे.

फॉरमॅटपूर्वीचा एखादा पेनड्राइव्ह आपल्याकडे असेल तर तो कृपया तपासायला पाठवा. तसे काही नसल्यास छापील बिलांवरून उधारी पुन्हा भरून देण्यासाठी आमचा माणूस आपल्या दुकानात येऊन बसेल. त्याचे पैसे आम्ही घेणार नाही. आपण तारा एकच ठेवलात तरी माझी हरकत नाही, पण 'मुद्दाम' हा शब्द तेवढा काढावा, ही विनंती.

आपला नम्र,
संचालक