नुसतं वजन बघून रायफल घेऊ नका

लेखात डोंगरातल्या शिकारीला रायफल जितकी हलकी तितकी बरी असं म्हटलंय, मला अजिबात नाही पटत. काडतूस तेच ठेवून ४ किलोची रायफल ३ किलोवर आणली की खांद्याला बसणारा दणका साधारण एक तृतीयांशाने वाढतो, मग माणूस ट्रिगर दाबतानाच दचकतो अन् जनावर जखमी होऊन कड्याखाली तडफडत राहतं, हे फार वाईट. भाचा न्यूझीलंडला ताहर मारायला जातो (रानबकऱ्यासारखं जनावर, मूळचे हिमालयातले, तिकडे १९०४ मध्ये सोडलेले), त्याला मी ग्वाल्हेरहून फोनवर हेच सांगतो की .३०० मॅग्नम हे जोरदार दणक्याचं काडतूस नको, सौम्य दणक्याचं ७ एमएम-०८ घे, रायफलचं वजन स्कोपसकट (वरच्या दुर्बिणीसकट) मोज. आणि हलक्या रायफलची पातळ नळी पटकन तापते, तेव्हा रेंजवर थंड नळीतली पहिली गोळी कुठे बसते तेच बघ, पुढच्या गोळ्या किती जवळजवळ बसल्या त्या ग्रुपचं कौतुक नको.