खुलासा : फर्ग्युसन व्यावसायिक फुटबॉल खेळले होते

'अ‍ॅलेक्स फर्ग्युसन कधीच व्यावसायिक फुटबॉल खेळले नाहीत, तरी महान मॅनेजर झाले' असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही. मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर म्हणून गाजलेले फर्ग्युसन आधी स्ट्रायकर (गोल करणारे आघाडीचे खेळाडू) होते, आणि चांगलेच. स्कॉटिश लीगच्या १९६५-६६ च्या नोंदींत डनफर्मलिन क्लबचे फर्ग्युसन आणि सेल्टिक क्लबचे जो मॅकब्राइड प्रत्येकी ३१ गोल करून संयुक्त अव्वल आहेत. १९६७ मध्ये रेंजर्सने त्यांच्यासाठी ६५,००० पौंड मोजले. दोन स्कॉटिश क्लबांमधल्या व्यवहाराचा तो तेव्हाचा विक्रम. मॅनेजर म्हणून नाव झालं ते नंतर : १९८३ मध्ये त्यांच्या अ‍ॅबर्डीन या स्कॉटिश क्लबने रेआल माद्रिदला हरवून कप विनर्स कप ही युरोपीय क्लबांची स्पर्धा जिंकली. प्रेरणाच द्यायची तर हे सांगा, की १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आल्यावर पहिल्या लीग विजेतेपदासाठी त्यांना १९९३ उजाडावं लागलं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.