वाड्यातला माल आहे साहेब!

पुण्याचा जुना बाजार आहे मंगळवार पेठेत आणि भरतो रविवारी आणि बुधवारी, यावरूनच तुमच्या लक्षात यायला हवं की तिथे कुठल्या पाटीवर, शिक्क्यावर किंवा तारखेवर फार विश्वास ठेवायचा नसतो. विश्वास ठेवायचा तो पथारीवाल्यावर. "वाड्यातला माल आहे साहेब" असं तो एकदा म्हणाला की विषय संपला. कुठला वाडा, कधी पाडला, असले प्रश्न विचारणं असभ्यपणाचं लक्षण आहे. आता त्या बाजारात जेवढा वाड्यातला माल निघतो तेवढे वाडे अख्ख्या पेशवाईत नसणार, पण ते जाऊ दे.

जाताना भिंग, लोहचुंबक, टॉर्च असलं काही बरोबर नेऊ नका. पितळेला चुंबक चिकटत नाही हे शाळेत शिकलेलं आपल्याला आठवतं, आणि मग त्या भारी पितळी समईला तो टच्चकन चिकटला की आत लोखंड आणि वर नुसतं पाणी चढवलंय हे कळतं आणि सगळा रविवार खराब होतो. कशाला?

नाण्यांपासून सुरुवात करा, सगळे तिथूनच बिघडतात. खरी शिवराई तुम्हाला अजिबात आवडणार नाही, आधीच सांगतो. ओबडधोबड तांब्याचा तुकडा, एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति", तेही पूर्ण असेल तर, कारण ठसा मोठा आणि नाणं लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहिलेली. त्यापेक्षा ते गोल गरगरीत, चकचकीत रामदरबाराचं नाणं घ्या, एका बाजूला राम लक्ष्मण सीता, खाली मारुती, दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनी आणि साल १८१८. म्हणजे बघा, ज्या वर्षी कंपनीने आपली पेशवाई बुडवली त्याच वर्षी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून रामाचं नाणंही काढलं, केवढं मन! आता नाण्यांतले जाणकार सांगतात की कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे सगळे नंतरचे टोकन आहेत म्हणून. असल्या लोकांना ग्रुपमधून काढून टाका. आणि हे नाणं तांदूळ ओढतं असं कोणी म्हणालं तर मात्र लगेच पैसे काढायला एटीएमकडे पळा, कारण राईस पुलरच्या, म्हणजे तांदूळ खेचणाऱ्या चमत्कारी वस्तूच्या नावाखाली आधीच बऱ्याच लोकांनी लाखो रुपये घालवलेत आणि आपण मागे राहून चालणार नाही. ट्रॅक्टरवाली पाचची नोट लाखाला जाते हे तर तुम्हाला माहितीच आहे, त्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जुन्या नोटा नाण्यांच्या फसव्या ऑफर्सपासून सावध राहा असं जाहीर केलं होतं, पण बँकवाल्यांना नोटांमधलं काय कळतंय.

पत्र्याच्या जुन्या पाट्यांचं सध्या फार वेड आहे. मीसुद्धा एक घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात छान गंजलेली, "ब्रिटिश टायमाची" म्हणून. हॉलमध्ये लावली, चार जणांना कौतुकाने दाखवली, आणि पाचव्याने चहा पिता पिता विचारलं की यावर पिनकोड कसा काय? पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. मी म्हटलं, इंग्रज दूरदृष्टीचे होते. तोच प्रकार त्या "ब्रिटिश नेव्हीच्या" पितळी होकायंत्राचा. मागच्या बाजूला फुलीच्या खाचेचे चार स्क्रू असतात, ज्यांचं पेटंटच मुळी १९३० नंतर निघालं, आणि वरती कोरलेलं असतं १८५७. तुम्ही स्क्रूकडे बघूच नका, होकायंत्र उलटं करून बघायची वस्तू आहे का? जुनं एचएमटी घड्याळ घेतानाही डायलचा रंग जितका भडक तितकं ते दुर्मिळ समजा. इतकं दुर्मिळ की खुद्द कंपनीनेही ते कधी बनवलं नव्हतं, कारागिराने मागच्याच महिन्यात डायल रंगवलीय. जगभरचे घड्याळवाले याला प्रेमाने "मुंबई स्पेशल" म्हणतात, तेवढाच आपला अभिमान.

वय ठरवताना गिऱ्हाईक कोण आहे हेही बघावं लागतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू होते आणि ती देशाबाहेर अशी उचलून नेता येत नाही. म्हणून जो पितळी गणपती तुम्हाला विकताना तीनशे वर्षांचा असतो, तोच तुमचा अमेरिकेतला भाचा बॅगेत भरतोय म्हटल्यावर दोन मिनिटांत गेल्या दिवाळीतला होतो. दोन्ही वेळा विक्रेता तेवढ्याच खात्रीने बोलतो, याला म्हणतात अभ्यास.

आणि वस्तू घरी आली की पहिलं काम, चिंच, मीठ आणि पितांबरी घेऊन बसा. शंभर वर्षं लागली असतील तो काळपट तपकिरी थर जमायला, पण तुम्ही मनावर घेतलंत तर अर्ध्या तासात निघतो. त्या थरासाठीच तर जाणकार पैसे मोजतात वगैरे ऐकायला मिळेल, लक्ष देऊ नका, तारेची घासणी घ्या.

मी तेच केलं म्हणून सांगतो. एक घंगाळ घेतलं होतं, तांब्याचं, दोन कड्यांचं. विकणारा म्हणाला पेशवेकालीन, सरदारांच्या घरातलं. भावासाठी घासाघीससुद्धा केली नाही, सरदारांच्या वस्तूला काय घासाघीस करायची. घरी आणून घासायला घेतलं तर कीट निघता निघता काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर यायला लागली. मला वाटलं मोडी असणार. आमची आत्या शेजारीच शेंगा सोलत बसली होती, तिने चष्मा वर करून बोटाने सरळ वाचलं, "चि. कुसुम हिस मामाकडून, १३-५-६२."

पेशवे वगैरे ठीक आहेत, पण हे माझ्याहून लहान आहे, ती म्हणाली. तिचं लग्न साठ सालचं. तिलाही तेव्हा अगदी असंच घंगाळ मिळालं होतं, मामाकडूनच, नाव घालून. बंब गेला, गिझर आला आणि ते मोडीत घालून तिने दोन स्टीलचे डबे आणले, ते अजून आहेत, एकात रवा असतो.

"केवढ्याला दिलं तुला?" मी निम्मा आकडा सांगितला. घरी नेहमी निम्माच सांगायचा असतो. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, दोनचार शेंगा सोलल्या, मग म्हणाली, "मेल्याने मला दोन डब्यांवर कटवलं की रे!"