पिट्सबर्गचा निकाल दुसऱ्या घटनादुरुस्तीचा नव्हे

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराचे २०१९चे बंदूकविषयक नियम ‘दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे’, म्हणजे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या अमेरिकी घटनेतल्या तरतुदीमुळे रद्द झाले, हे स्थानिक बंदूक-नियमांवरच्या तुमच्या लेखातलं विधान चुकीचं आहे. ते पडले पेनसिल्व्हेनियाच्या राज्य कायद्यातल्या कलम ६१२०मुळे. शस्त्र बाळगणं, त्याची मालकी, हस्तांतरण, वाहतूक यांवर नियम करायला हे कलम नगरपालिकांना मनाई करतं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्येच ‘ऑर्टिझ’ खटल्यात ते मान्य केलं होतं. म्हणून गावपातळीवरच्या बंदूकधारकांनी नगरसभेत बोलायला मिळणारी मोजकी मिनिटं घटनेवरच्या भाषणात घालवू नयेत. प्रस्तावित नियमाच्या मसुद्यातलं कलम आणि ६१२० शेजारी-शेजारी मांडून मतदानाआधी नगरपालिकेच्या वकिलाला लेखी द्यावं. खटल्याच्या खर्चाची जाणीव नगरसभेला तोच करून देतो.

लेखात राहून गेलेला खरा अडथळा म्हणजे दावा लावण्याचा अधिकार. हरवलेल्या-चोरीच्या बंदुकीची खबर देण्याची सक्ती करणाऱ्या नियमांवरचे आधीचे दावे ‘तुमचं प्रत्यक्ष नुकसान कुठे झालं?’ एवढ्यावरच फेटाळले गेले. बंदूकधारकांच्या संघटनांना तो अधिकार देणारा २०१४चा कायदाही टिकला नाही, कारण तो असंबद्ध विषयाच्या विधेयकाला जोडला होता. अखेर २०२१मध्ये राज्याची राजधानी हॅरिसबर्गच्या अशाच नियमांवरच्या खटल्यात, शिक्षा होण्याची वाट न पाहता दाद मागता येते, हे ठरलं.