दाजी, चिखलाने हॉटेल वाचवलं नव्हतं

परवा रात्री साडेअकराला दाजींचा फॉरवर्ड आला. टोकियोच्या इंपिरियल हॉटेलचा जुना फोटो आणि खाली मजकूर: "1923 च्या भूकंपात अख्खं टोकियो झोपलं, उभं राहिलं फक्त हे हॉटेल. फ्रँक लॉइड राइटने ते मुद्दाम चिखलावर तरंगतं बांधलं. चिखलाने धक्के शोषले, एक तडा नाही! आणि अशी वास्तू जपान्यांनी लोभापायी पाडून कचऱ्यात घातली." एरवी हात जोडलेला इमोजी टाकून झोपलो असतो. पण दाजी खाडीलगत फ्लॅट बघतायत, आणि हे त्यांना साइट ऑफिसातल्या पोराने पाठवलंय. वर दाजींची पुस्ती: "बघ, गाळ चांगलाच असतो."

म्हणून आधी गाळ. राइट म्हणजे नावाजलेला अमेरिकन वास्तुविशारद. त्याच्या जागेवर वर जेमतेम आठ फूट बरी माती, खाली साठ-सत्तर फूट गाळ. त्याने आठ-आठ फुटांचे आखूड खांब दाटीने रोवले आणि इमारत जहाजासारखी तरंगेल म्हणाला. कागदावर झकास. पण मऊ गाळ धक्का शोषत नाही, वाढवतो. खरवसाचं ताट हलवून बघा, ताट जास्त हलतं की खरवस? 1985 मध्ये भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर लांब असूनही मेक्सिको सिटीत इमारती कोसळल्या, त्या मुख्यतः जुन्या तळ्याच्या गाळावरच्या. भूकंप-अभियांत्रिकीचे अभ्यासक रॉबर्ट रायदरमन यांनी 1980 मध्ये 'एआयए जर्नल' या अमेरिकन वास्तुविशारदांच्या मासिकात या हॉटेलच्या दंतकथेची नीट चिरफाड केली आहे. भूकंपात हॉटेलचा मधला भाग खचला होता, काही ठिकाणी आतल्या फरशा फुगल्या होत्या. 'एक तडा नाही' कुठून आलं? पाया हीच त्या इमारतीची मोठी खोड होती. पुढेही ती कमी-जास्त खचतच राहिली, काही भाग तर मीटरभर.

'फक्त हेच उभं' हेही खोटं. जवळच 1914 चं टोकियो स्टेशन हजारो लाकडी खुंटांवर उभं होतं, तेही टिकलं. जपानी अभियंता तचू नाइतोने आखलेली बँकेची इमारतही टिकली. 'तुमच्या प्रतिभेचं स्मारक अभंग उभं आहे' ही स्वतःला आलेली तार राइटनेच पेपरवाल्यांना दिली, आणि ती टोकियोहून आली होती का, यावरही शंका घेतल्या गेल्यात.

बरं, एक मान्य करतो. भूकंप दुपारी दोन मिनिटं कमी बाराला झाला, घरोघरी चुली पेटलेल्या. शहर गेलं ते मुख्यतः आगीत. हॉटेलात त्याच दिवशी उद्घाटनाची मेजवानी होती. समोरचा जलाशय राइटने हट्टाने ठेवून घेतला होता, आग विझवायला तेच पाणी कामी आलं. इमारत वेगवेगळ्या भागांत विभागणारे सांधे आणि हलकं तांब्याचं छप्परही उपयोगी पडलं. पण यात चिखल कुठे आला?

लोभाचं म्हणाल तर होताच थोडा. टोकियोच्या मध्यात, हिबियातली सोन्यासारखी जागा, 1967 ला हॉटेल बंद केलं, 1970 ला तिथे सतरा मजली टॉवर. पण दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने एक भाग जळालेला, दगड झिजलेला, पाया खचलेला. आणि कचऱ्यात? दर्शनी दालन आणि जलाशय नागोयाजवळ मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभे केलेत, जाऊन बघता येतात.

दाजी, त्या पोराला माती-परीक्षणाचा अहवाल मागा. पाइल, म्हणजे पायाचे खांब, किती खोल, कातळाला टेकलेत का, तेवढं बघू. रविवारी मी येतोय. तोवर टोकन देऊ नका.