परदेशातून : ब्लँकेट, आमिष आणि नाताळ

डिसेंबर लागला की आमच्या जालन्याच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. यंदा एका वर्गमित्राने लिहिलं, "चर्चवाले थंडीत ब्लँकेटं वाटतात ती माणुसकीपोटी नाही, गरिबाला बाटवायला." राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तोंडसुख. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात तर धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षणही आमिषात मोडतं.

हे मी ग्लासगोत बसून वाचतो. इथे उलटा प्रकार. स्कॉटलंडच्या २००५ च्या कायद्यात धर्माचा प्रसार हाच एक धर्मादाय हेतू मानलाय, पण प्रसार करायला माणसं कुठे उरलीत? २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांनी 'धर्म नाही' असं नोंदवलं. जालन्याचं मिशन याच देशातल्या चर्चचं, आणि आज इथली चर्चं विक्रीला निघालीत. (नाताळची सार्वजनिक सुट्टीच या कडक प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाच्या) देशात १९५८ साली आली. आम्हा मराठी ख्रिस्त्यांच्या नाताळातल्या करंज्या आणि पेटी-तबल्यावरची भजनं या स्कॉटिश लोकांनी शिकवलेली नाहीत, ती आमची आम्ही उभी केली.)

मदतीचं काम मात्र इथे नेटकं. डॉक्टर किंवा सल्ला केंद्र चिठ्ठी देतं, ती दाखवली की फूड बँकेत निदान तीन दिवसांचा शिधा मिळतो. धर्म कोणी विचारत नाही, हे मला फार आवडतं. पण मी तिथे पिशव्या भरतो, आणि पिशवी नेणारा कुठे राहतो हे मला माहीत नसतं. त्यालाही मी नको असतो.

योहानाच्या शुभवर्तमानात नाताळ एका ओळीत आहे : "शब्द देही झाला व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." देवाने मदत पाठवली नाही, तो स्वतः राहायला आला. नावनिशी लिहून देण्यासाठी घर सोडून निघालेल्या मरिया-योसेफ या जोडप्याच्या पोटी, गव्हाणीत. पहिली खबर लागली ती रात्री कळप राखणाऱ्यांना, आणि त्यांच्याकडून आधी काही कबूल करून घेतलेलं नव्हतं. म्हणून भाकरीला अट घालणारा ख्रिस्ती देहधारणच, म्हणजे देवाचं माणूस होणंच, नाकारतो. इथपर्यंत वर्गमित्राशी माझं भांडण नाही.

पण दुष्काळात धान्यासाठी मिशनच्या दारात आलेल्यांना "पोटासाठी बाटले" म्हणून हिणवतात, ते मला पटत नाही. देवानेच देह घेतला, तर भूक हलकी कशी? आणि मिळालं काय? अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये, ख्रिस्त्यांना अजून नाही. अंगच्या सवलती घालवणारं असलं कसलं आमिष!

जालन्याजवळचं बेथेल नारायण शेषाद्रींनी वसवलं. जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले. हैदराबादच्या निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली, आणि गावाबाहेर ठेवलेल्या जातींतली माणसं घेऊन शेषाद्रींनी तिथे गाव उभं केलं. त्यांच्या काळच्या मिशनवर टीका करायला भरपूर जागा आहे, पण लांबून ब्लँकेट फेकल्याचा आरोप त्यांच्यावर करता येणार नाही.

तो आरोप आज आमच्यावर होऊ शकतो. ब्लँकेटवाटपात पाहुण्यांचा सत्कार, रांगेतल्या म्हाताऱ्यांचे फोटो, ग्रुपवर 'हालेलुया'. ज्यांना खरी गरज आहे ती माणसं तेव्हा गावात नसतातच. बीड-जालन्याकडची बिऱ्हाडं मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर, कोप्यांत म्हणजे झोपड्यांत असतात. मागे राहिलेली पोरं आजीजवळ, नाही तर शाळा सोडून आईबापांबरोबर.

आमच्या चर्चच्या मंडळीने ब्लँकेटाचे पैसे वळवून या पोरांसाठी हंगामी वसतिगृह चालवावं, असं मी पाळकांना लिहिलंय. दिवाळीच्या सुमाराला सुरू करायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत ठेवायचं. जात-धर्म न विचारता पोरं घ्यायची आणि मंडळीतलं एक कुटुंब तिथेच राहायला जायचं. पैसे इथूनही पाठवता येतील, राहायला जाणारं कुटुंब मिळणं अवघड. वर्गमित्राला धर्मांतराची शंका असेल तर त्यानेही खुशाल मुक्कामाला यावं. सकाळी पन्नास पोरांच्या भाकऱ्या थापायला हात लागतीलच.