गॉर्डनच्या नावानं एक पोस्ट झालीच पाहिजे

राजेहो, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या २०२५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, आपली डेन्वर नगेट्स टीम हरली. दुसऱ्या राऊंडच्या सातव्या, शेवटच्या मॅचमध्ये ओक्लाहोमानं १२५-९३ असं धुतलं, त्यावर मले काही म्हणायचं नाई, रेग्युलर सीझनमध्ये ६८ मॅच जिंकलेली टीम आहे ती. पण मॅच संपल्यापासून आमच्या ग्रुपवर जे चालू आहे, डेन्वरचा मुख्य खेळाडू योकिच थकला, बेंचवर धड राखीव खेळाडू नाई, कोच नवा, याले काढा अन् त्याले आणा, त्यात एका माणसाचं नाव कोणी घेऊनच नाई रायलं अन् ते मले सहन होत नाई. ॲरन गॉर्डन, डेन्वरचाच खेळाडू. ३२ नंबर. लांब लिहिणार आहो, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या दर्यापूर तालुक्यात बास्केटबॉल म्हटलं की लोक विचारतात, ते कायचं आता नवीन. नवीन नाई बाप्पा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले पीटीचे सर भेटले म्हणून आमच्या शाळेच्या मैदानात दोन रिंग लागल्या, तवापासून खेळतो. आता शेती पाहतो, मे महिन्यात सकाळी धसकटं वेचायले माणसं लावायची असतात, पण प्लेऑफ सुरू झाले की पहाटं गच्चीवर मोबाईल घेऊन बसणारे आम्ही पाचसहा जण अजूनही आहोत. अमेरिकेतली संध्याकाळची मॅच आपल्याकडे पहाटं येते, तवा गावात आवाज फक्त कुत्र्याइचा अन् आमचा.

तं गॉर्डन. ६ फूट ८ इंच, फॉरवर्ड, म्हणजे रिंगच्या जवळ खेळणारा उंच खेळाडू. यंदाच्या प्लेऑफमधला त्याचा सगळ्यात गाजलेला क्षण म्हणजे पहिल्या राऊंडमधली क्लिपर्स टीमविरुद्धची चौथी मॅच, २६ एप्रिल, आपल्याकडे रविवारची पहाट. डेन्वरनं चौथ्या क्वार्टरमध्ये वीसच्या वरचा लीड घालवला, ९९-९९, शेवटचे सेकंद, बॉल योकिचच्या हातात. योकिचनं दूरून मारला अन् तो बॉल रिंगले शिवलाच नाई, सरळ हवेतच पडत होता, अन् गॉर्डननं तो तिथंच धरून तसाच रिंगात घातला, बझरच्या, म्हणजे वेळ संपल्याच्या भोंग्याच्या, आत. रेफ्रीनं व्हिडिओ पायला, आम्ही श्वास धरून बसलो, अन् १०१-९९. एनबीए प्लेऑफच्या इतिहासात बझरवर डंक करून, म्हणजे बॉल हातानं वरून थेट रिंगात कोंबून, मॅच जिंकल्याची ही पहिलीच वेळ. माह्या शेजारच्या काकानं खालून विचारलं, काय झालं बे, कोणाच्या घरी काय झालं.

आता हा व्हिडिओ तुम्ही सगळ्यानं पायला. पण तो पुन्हा पाहा अन् या वेळेस बॉलकडे पाहू नका, बाकीच्या नऊ जणाइकडे पाहा. योकिचनं बॉल सोडला की जवळपास सगळे मान वर करून उभे आहेत, कारण मारणारा योकिच आहे, जगातला सगळ्यात भारी खेळाडू, त्या रात्री त्याचे ३६ पॉइंट अन् २१ रिबाऊंड (हुकलेले बॉल धरणं) होते, जाईनच आत असं सगळ्याइले वाटणारच. गॉर्डन पाहत उभा नाई रायला. तो रिंगकडे गेला. तो प्रत्येक वेळेस जाते, सीझनभर जाते, शंभरदा बॉल येत नाई तरी जाते, म्हणून एकशे एकाव्या वेळेस तो तिथं होता. लोक त्याले नशीब म्हणून रायले ना, मले त्याचाच राग येते.

अन् मंग दुसऱ्या राऊंडमध्ये ओक्लाहोमाविरुद्धची पहिली मॅच. ११९-११८ ने ते पुढे, त्याइच्या होल्मग्रेनचे दोन्ही फ्री थ्रो हुकले, आपला वेस्टब्रूक बॉल घेऊन पळत आला अन् गॉर्डनले दिला, शेवटच्या तीन सेकंदाच्या आत थ्री (लांबून मारलेली तीन पॉइंटची बास्केट), १२१-११९. त्या दिवशी त्याचे २२ पॉइंट, १४ रिबाऊंड. तिसऱ्या मॅचमध्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटात पुन्हा त्याचीच थ्री, बरोबरी, ओव्हरटाइम, जिंकलो ११३-१०४.

हा माणूस थ्री मारणारा नव्हताच हे नवीन पोट्ट्याइले माहीत नाई. मागच्या सीझनमध्ये त्याची थ्री २९ टक्के होती, दुसऱ्या टीमा त्याले मोकळा सोडून योकिचवर दोन दोन माणसं घालत, मार म्हणत. यंदा ४३ टक्क्याच्या वर. एका वर्षात इतका फरक आपोआप पडत नाई राजेहो, तेही ८२ पैकी ५१ च मॅच खेळून, पोटरीच्या दुखापतीनं सारखं आतबाहेर चालू असताना. हे काम कधी केलं असन त्यानं? रिकाम्या हॉलमध्ये, जवा कोणी पाहत नव्हतं.

माहं म्हणणं एवढंच आहे की त्याचं खरं कौतुक डंकसाठी नाई अन् त्या दोन थ्रीसाठीही नाई, त्यानं जे सोडलं त्यासाठी व्हायले पाहिजे.

काय सोडलं ते सांगतो. २०१४ चा ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या टीमा नवे खेळाडू एकामागून एक निवडतात तो कार्यक्रम. गॉर्डन चौथा, ऑर्लॅंडोनं घेतला, तवा तो १८ वर्षाचा. त्याच ड्राफ्टमध्ये एक जाडसर सर्बियन पोट्टं ४१ व्या नंबरवर गेलं, त्याचं नाव योकिच. (हा योकिच सोम्बोर नावाच्या लहान शहरचा, घोड्याइचा शौकीन, सीझन संपला की सरळ घोड्याइपाशी जाते, म्हणून आमच्या शंकरपटवाल्या लोकाइले तो लगेच आवडला.) ऑर्लॅंडोत गॉर्डन हिरो होता. बॉल त्याच्या हातात, पोस्टरवर तो, डंक कॉन्टेस्टमध्ये तो. २०१६ चा तो कॉन्टेस्ट लाव्हीन नावाच्या खेळाडूसोबतचा, अन् २०२० चा, ज्यात त्यानं सात फूट पाच इंचाच्या टॅको फॉल नावाच्या खेळाडूवरून उडी मारली अन् तरी एका पॉइंटनं हरला, ते आजही लोक विसरले नाईत. तं असा माणूस मार्च २०२१ मध्ये डेन्वरले आला अन् त्याले काय सांगितलं असन, तं बॉल तुह्या हातात राहणार नाई. योकिच अन् डेन्वरचा मरे खेळवतीन. तू कट मार (रिंगकडे अचानक पळ), स्क्रीन लाव (दोस्ताच्या मागचा माणूस अंगानं अडव), रिबाऊंड काढ, अन् समोरच्या टीमचा जो सगळ्यात मोठा, सगळ्यात ताकदीचा माणूस असन तो तुह्या अंगावर.

चौथ्या नंबरवाला ४१ व्या नंबरवाल्याच्या हाताखाली काम करायले तयार झाला. मनापासून. मी गावात पाहतो, सोसायटीच्या इलेक्शनमध्ये ज्याले पॅनलप्रमुख केलं नाई तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पॅनलमध्ये दिसते. घरात मोठ्या भावानं लहान भावाचं ऐकायचं म्हटलं तं वाटणीपर्यंत गोष्ट जाते. अन् हा माणूस पंचविशीत, सगळ्यात जोराच्या वयात, म्हणते ठीक आहे, सांगा काय करू.

डेन्वरले २०२३ ची एनबीए ट्रॉफी त्याच्याशिवाय आली असती का, सांगा. पहिल्या राऊंडमध्ये टाऊन्स त्याच्या अंगावर, दुसऱ्यात ड्युरंट, तिसऱ्यात लेब्रॉन, फायनलमध्ये बटलर. हे चार जण एकामागून एक धरायचे म्हणजे काय असते हे ज्यानं खेळून पायलं त्यालेच कळते, छाती, खांदे, मांड्या, सगळं भरून येते. लेकर्सच्या चौथ्या मॅचमध्ये लेब्रॉननं ४० पॉइंट केले होते, बरोबरी करायले शेवटचा बॉल घेऊन तोच आत आला अन् गॉर्डननं तो बॉल वर जाऊच नाई दिला, ११३-१११, लेकर्स घरी. फायनलच्या चौथ्या मॅचमध्ये टीमले पॉइंट पाहिजे होते तं तेही दिले, २७, मायामीच्या घरात. म्हणजे येत नव्हतं म्हणून सोडलं असं नाई. येत होतं अन् सोडलं.

डेन्वरचे लोक त्याले मिस्टर नगेट म्हणतात. त्याइले कळलं आहे. आमच्याच ग्रुपमधले काही जण अजून रोल प्लेयर रोल प्लेयर (म्हणजे ठरावीक कामापुरता खेळाडू) करून रायले.

मले वाटते ही सवय आपल्याले कबड्डीपासूनच लागली आहे. आमच्या इकडे दिवाळीनंतर गावोगावी सामने होतात, रेडरले लोक मैदानात जाऊन शंभरची नोट देतात, माईकवर त्याचं नाव घेतात, अन् कॉर्नरले जो पाय धरते, ज्याच्या तोंडात माती जाते, त्याचं नाव माईकवाल्याले माहीतही नसते. शाळेच्या तालुकास्तर स्पर्धेत बास्केटबॉलचंही तेच. प्रत्येक पोट्ट्याले शूट करायचं आहे, बॉक्स-आऊट करायले सांगा तं तोंड पाडते. बॉक्स-आऊट म्हणजे काय, तं बॉल हवेत असताना समोरच्याले पाठीनं मागे दाबून जागा धरायची, बॉल मंग आपल्या दोस्तानं घेतला तरी चालते. कागदावर याचा कुठंच हिशेब लागत नाई. गॉर्डनचं अर्धं काम असंच आहे, बिनहिशेबाचं.

एक भाऊ कमेंटमध्ये म्हणते, त्याले करोडो भेटतात, खेळनच ना. भेटतात भाऊ, अन् भेटले पाहिजेत. पण पैसे तं त्या नऊ जणाइलेही भेटतात जे मान वर करून उभे होते.

आता ३२ नंबरची गोष्ट. डेन्वरले तो ५० नंबर घालत होता. ३० मे २०२४ ले त्याचा मोठा भाऊ ड्रू गॉर्डन पोर्टलॅंडमध्ये कार ॲक्सिडेंटमध्ये गेला. ३३ वर्षाचा. ड्रूही बास्केटबॉलवाला, थोडे दिवस फिलाडेल्फियाकडून एनबीएही खेळला. ३२ हा ड्रूचा नंबर. २०२४-२५ च्या सीझनपासून ॲरन तो अंगावर घालून खेळते. यावर मी जास्त लिहित नाई, ज्याच्या घरातलं माणूस रस्त्यावर गेलं त्याले लिहून सांगायची गरज नाई अन् आमच्या भागात अशी घरं लय आहेत. फक्त एवढं ध्यानात ठेवा की यंदाचे सगळे बॉल, तो डंक, त्या थ्री, हे सगळं त्यानं भाऊ गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात केलं.

अन् शेवटी सातवी मॅच. सहावी मॅच डेन्वरनं जिंकली ११९-१०७, त्याच मॅचच्या शेवटी त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू गेला, हॅमस्ट्रिंग, ग्रेड २, म्हणजे स्नायू थोडाफार फाटलेला. साधारण कितीतरी आठवडे आराम सांगतात याले. मधात दोन दिवस. आपल्याकडे रविवारी रात्री एक वाजता मॅच सुरू झाली, अन् हा सुरुवातीच्या पाच जणात उभा. २५ मिनिटं खेळला, ८ पॉइंट, ११ रिबाऊंड. पळताना पाय ओढून रायला होता हे मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवरही दिसत होतं. परत जाताना डिफेन्सले उशीर होत होता पण जात होता. मी ती मॅच स्कोअरसाठी पायलीच नाई, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत कळलंच होतं काय होणार, मी त्याच्यासाठी पाहत बसलो.

पण इथं मले एक गोष्ट साफ लिहायची आहे. त्याचा तो लंगडत खेळण्याचा व्हिडिओ आता "असं खेळायले पाहिजे" म्हणून फिरून रायला, आमच्या शाळेच्या पोट्ट्याइच्या स्टेटसवरही आहे. पोट्टेहो, नोको. त्याच्यापाशी टीमचे डॉक्टर होते, फिजिओ होते, एमआरआय झाला होता, तो तवा २९ वर्षाचा होता, त्यानं सगळं माहीत असून ठरवलं. आपल्या इकडे फिजिओ पायचा तं अमरावतीले जा नाईतं अकोल्याले, अन् मैदान म्हणजे मे महिन्यात फरशीसारखी कडक झालेली काळी माती. मांडीत कळ आली तं बसा. तो सातव्या मॅचमध्ये खेळला त्याचा मले अभिमान आहे, पण कोणी विचारलं की गॉर्डनकडून काय घ्यायचं तं मी ती मॅच दाखवणार नाई, मी क्लिपर्सविरुद्धचे ते शेवटचे दोन सेकंद दाखवीन, अन् बॉल झाकून दाखवीन.

बाकी डेन्वरच्या मालकाइले माही विनंती, मराठी त्याइले कळत नाई तरी लिहितो. एप्रिल २०२५ मध्ये, सीझनच्या तीन मॅच बाकी असताना, तुम्ही कोच मलोनले काढलं, जनरल मॅनेजर बूथलेही काढलं. नव्या मॅनेजरले पहिलं काम हे द्या की गॉर्डनच्या मागे एक धड फॉरवर्ड आणा, जो रोजच्या मॅचमध्ये दहा-पंधरा मिनिटं अंगावर घेईन. या माणसाची पोटरी गेली, मांडी गेली, सेंटर (रिंगपाशी खेळणारा सगळ्यात उंच माणूस) बसला की तोच सेंटर होते, मोठा माणूस आला की तोच धरते. तिशीत चालला तो. अजून चार वर्ष त्याच्याकडून असं काम पाहिजे असन तं जानेवारी-फेब्रुवारीत त्याले बसवा, प्लेऑफले ताजा ठेवा. अन् आमच्या ग्रुपमधले जे त्याले ट्रेड करा, म्हणजे दुसऱ्या टीमले देऊन टाका, म्हणून रायले, त्याइनं आधी सांगावं, ड्युरंटले कोण धरणार आहे, अन् योकिचचा बॉल हुकला तं रिंगपाशी कोण असणार आहे. उत्तर असन तं कमेंटमध्ये लिहा, वाचतो.